लवटेवस्तीवरचं पिंप

शनिवार, ८ जानेवारी १९४४

जिल्ह्यात एवढे सॅनिटरी इन्स्पेक्टर पडलेत, पण धनगरांच्या उवा मारायला साहेबांना मीच आठवलो. सकाळी विट्याहून बैलगाडीनं निघालो तो दिवस कलताना लवटेवस्तीवर पोचलो. हाडं खिळखिळी झाली. गाडीत मी, शिपाई गुंडा, एक लोखंडी काहील आणि डांबराचं रिकामं पिंप. पिंपाच्या बुडाला लोहाराकडून भोकं पाडून आणली आहेत. काहिलीत पाणी उकळायचं, तिच्यावर पिंप बसवायचं, मधली फट चिखलानं लिंपायची, पिंपात घोंगड्या-वाकळा भरायच्या आणि वर झाकण. वाफ भोकांतून चढते आणि उवा, लिखा, सगळं मरतं. लढाईवर पलटणीत असंच करतात, असं साहेब म्हणाले. साहेब स्वतः मात्र साताऱ्यात.

वस्ती म्हणजे काही झोपड्या, मेंढरांचे वाडगे आणि नजर जाईल तिकडे दगड. यंदा पाऊस झालाच नाही. माणसं पिंप बघायला जमली आणि माझी सरकारी टोपी बघून पांगली. त्यांचा म्होरक्या हरिबा लवटे, पांढऱ्या मिशांचा म्हातारा, तेवढा उभा राहिला.

"कशापायी आलाय?"

"तुमच्याकडे ताप आहे ना, त्यासाठी."

"ताप आमचा हाय. सरकारला काय त्याचं? मागं कवा आलं न्हाई त्ये."

मुक्काम बिरोबाच्या देवळाच्या ओवरीत. चहाला दूध मागितलं तर मेंढ्या आटल्या म्हणाले. दोन पावलांवर एक बाई धार काढत होती.

थंडी कडक आहे. कोट होता म्हणून निभावलं. माझी नेमणूक झाली तेव्हा वडलांनी शिवलेला निळ्या लोकरी सर्जचा कोट, त्यांच्या हातचं शेवटचं काम. साताऱ्यात मंगळवार पेठेत त्यांच्या तोडीचा शिंपी नव्हता. या लोकांना तो कोट कळणार नाही.

रविवार, ९ जानेवारी

झोपडी-झोपडी फिरलो. घरटी एक तरी अंथरुणात. लक्षणं पुस्तकात आहेत तीच: चार-पाच दिवस सडकून ताप, डोकं फुटल्यासारखं दुखतं, मग दरदरून घाम येऊन ताप एकदम उतरतो. माणूस बरा झाला म्हणून उठतो, आणि आठवड्याभरानं तोच ताप उलटून येतो. अशक्त असेल तो पहिल्या घामातच जातो. दिवाळीपासून चार माणसं गेली.

पारावर सगळ्यांना गोळा करून ओरडून सांगितलं. हळू आवाजात सांगितलेलं यांना ऐकू येत नाही. "हा ताप उवांमुळे येतो. तुम्ही खाजवता, ऊ चिरडते आणि तिच्यातलं विष खाजवलेल्या कातडीतून आत जातं. ही ऊ डोक्यातली नव्हे. ही कपड्यात राहते, अंथरुणात राहते. शिवणीत, दुमडीत, जिथं ऊब आहे तिथं. उन्हात टाकून मरत नाही. वाफच पाहिजे."

"उवा आमच्या आज्यालाबी व्हत्या," हरिबा म्हणाला. "त्यो नव्वद वर्सं जगला."

सगळे हसले. गुंडाही हसला. त्याला नंतर झापला.

सगळ्यात उर्मट बाई भामाबाई. पन्नाशीची, विधवा, आवाज मेंढ्या हाकण्याचा. तिचा मुलगा अर्जुना तापात पडला आहे. मी झोपडीत वाकून पाहिलं तर तिनं दारात काठी आडवी धरली.

"भाईरनं बोल."

मला 'बोल'! मी म्हटलं, "बाई, सरकारी माणसाशी बोलताय."

"म्हून तर भाईरनं म्हटलं."

मंगळवार, ११ जानेवारी

आज पहिला घाणा लावला आणि तोंडघशी पडलो.

इथलं पाणी ओढ्याच्या वाळूत खड्डा खणून वाटीवाटीनं उपसतात. बायका पहाटेपासून बसतात. मी सहा घागरी मागितल्या तेव्हा शिव्याच ऐकल्या. शेवटी हरिबाच्या घरच्या दोन आणि बाकीच्या गुंडानं दटावून आणल्या. जळण शेणीचं, तेही मोजून. पाणी उकळलं, पिंपात सहा-सात घोंगड्या कोंबल्या, झाकण ठेवलं. मला वाटलं, खाली पाणी खळखळतंय म्हणजे वर वाफ पोचलीच असणार. अर्ध्या तासानं झाकण काढलं. वरच्या घोंगड्या नुसत्या दमट आणि कोमट. हरिबानं एक घोंगडी झटकली, दुमड उलगडली आणि माझ्या नाकासमोर धरली. उवा चालत होत्या.

"ऊब लागली बगा त्यास्नी," तो म्हणाला. "लय बेस झालं. थंडीचं दिस हाईत."

चूक माझ्या ध्यानात आली ती नंतर. थंड लोकर वाफ गिळत जाते. वाफ खालच्या घोंगडीला लागली की तिथंच तिचं पाणी होतं आणि तिच्यातली उष्णता त्या घोंगडीत उतरते. ती पुरती तापल्याशिवाय वाफ वरच्या घोंगडीला हात लावत नाही. सगळ्यात वरची तापली की मगच झाकणाच्या कडेनं वाफ जोरात फुसफुसू लागते. वेळ मोजायचा तो तिथून पुढे. हे मला शिकवलेलं होतं. पण हे लोक मागं उभे राहून कुजबुजायला लागले की डोकं चालत नाही.

झाकण काढताना मनगटावर वाफ लागली. मघाशी त्याच जागी उकळत्या पाण्याचे शिंतोडे उडाले होते, त्याचं काही वाटलं नव्हतं. वाफेनं मात्र कातडी सोलून निघाली.

बुधवार, १२ जानेवारी

सकाळी भामाबाई ओढ्यावरून रिकामी घागर घेऊन आली आणि देवळासमोर आपटली.

"आमास्नी प्यायला पानी न्हाई, आन् तू जाळतोस व्हय? पानी जाळनारा मानूस म्या आजवर बगितला न्हवता!"

तिच्याशी वाद घालणं म्हणजे कपाळावर धोंडा मारून घेणं. पण सगळी वस्ती ऐकत होती. मी विचारलं, "चुलीवर घागर ठेवली, तर उकळायला जळण किती लागतं?"

"तुला कशाला पायजे?"

"आणि ती उकळून उकळून पार आटवायची म्हटली तर?"

हरिबा म्हणाला, "लय लागंल. ढीगभर."

"पाच-सहापट लागतं. आणि उकळायला लागल्यावर पाणी आणखी तापत नाही, जाळ कितीही घाला. मग एवढ्या जळणाची धग जाते कुठं?"

"कुटं जाती?"

"वाफेत. ती दिसत नाही, पुस्तकात तिला गुप्त उष्णता म्हणतात. वाफ थंड वस्तूला लागली की पुन्हा पाणी होते आणि सगळी धग एकदम तिथं टाकते. माझं मनगट बघा."

मनगट सगळ्यांनी आवडीनं बघितलं.

हरिबाचं म्हणणं, पाणी कशाला, नुसत्या तापवलेल्या खड्ड्यातही उवा मरतील. मग शिधापिशवीतले दोन बटाटे काढले. गुंडाळलेल्या घोंगडीच्या पोटात एक ठेवला आणि ती हरिबाच्या सांगण्याप्रमाणे तापवलेल्या खड्ड्यात, निखाऱ्यांवर दगड रचून, ठेवली. दुसरा बटाटा दुसऱ्या घोंगडीत, आणि ती पिंपात. या वेळी झाकणाच्या कडेनं वाफ जोरात सुटेपर्यंत थांबलो, आणि मग तासभर. खड्ड्यातली घोंगडी बाहेरून करपली, आतला बटाटा कच्चा. पिंपातला मेणासारखा मऊ. मी समजावलं की कोरड्या हवेत धग थोडी असते, आणि लोकरीत अडकलेली हवा तीही आत जाऊ देत नाही. वाफ त्या हवेला ढकलून आत घुसते.

हरिबानं बटाटा खाल्ला. "मीठ न्हाई," म्हणाला. पण संध्याकाळी त्यानं आपल्या घरच्या घोंगड्या पाठवल्या. मला सांगून नव्हे, गुंडाला सांगून.

शुक्रवार, १४ जानेवारी. संक्रांत

बहुतेकांच्या घोंगड्या झाल्या. भामाबाईच्या राहिल्या. एक काळी घोंगडी ती देतच नव्हती. तिचा नवरा धुळा दीड वर्षापूर्वी वारला, त्याची. तीच तिनं तापलेल्या मुलाच्या अंगाखाली घातली होती. एक घर सोडलं तर आठवड्यात सगळी वस्ती पुन्हा उवांनी भरणार. मी गावाहून पोलीसपाटील नानासो यांना बोलावलं. ते आले, मिशी चोळत दारात उभे राहिले आणि म्हणाले, "तुमीच काडा सायेब. मला ह्या वस्तीतनं रातचं जावं लागतं." सरकारच्या पगारावर असली माणसं!

शेवटी मी आणि गुंडानंच घोंगडी ओढली. अर्जुना कण्हत बाजूला सरला. भामाबाई मधे आली, तिला ढकलावं लागलं. फार नाही.

काहिलीत पाणी जरा जास्त झालं होतं. तिची घोंगडी सगळ्यात खाली गेली आणि उकळतं पाणी भोकांतून उडून तिला लागत राहिलं. निघाली तेव्हा आटून पोत्याएवढी झाली होती, फळीसारखी कडक. मी म्हटलं, उवा तर मेल्या. तिनं ती उचलली, नाकाला लावली आणि बराच वेळ तशीच धरून उभी राहिली.

"धुळाचा वास व्हता हिच्यात," ती म्हणाली. "त्योबी उकडलास."

नंतर बोट रोखून म्हणाली, "तुजं अंतरुनबी आसंच रिकामं हुईल. बिरोबा बगतोय."

अडाण्यांचे शाप लागले असते तर सरकारी खात्यात एकही माणूस शिल्लक राहिला नसता. गुंडानं संध्याकाळी तिळगूळ दिला. तो म्हणे, "सायेब, समद्यांचं झालं. आता आपल्या वाकळा, तुमचा कोट बी टाकूया का?" मी त्याला विचारलं की इन्स्पेक्टर कोण आहे. सर्जचा कोट वाफेत घालायचा! अस्तर सुटेल, खांदे उतरतील. शिंप्याच्या पोराला कोट कसा जपावा ते कुणी शिकवू नये. शिवाय उवा कुणाच्या अंगावर असतात आणि कुणाच्या नसतात, हे बघितलं की कळतं.

अंगाला खाज फार. लोकरीचे तंतू टोचतात.

सोमवार, १७ जानेवारी

दिवसभर डोकं ठणकतंय. शेणीचा धूर. संध्याकाळी हुडहुडी भरली. जाळापाशी भाजायचं आणि लगेच गार वाऱ्यात उभं राहायचं, दुसरं काय होणार. कोट घालून वर वाकळ घेतली तरी दात वाजत होते.

शनिवार, २२ जानेवारी

चार दिवस लिहिलं नाही. हिवताप असावा. क्विनाइन लढाईमुळे मिळत नाही, माझ्याजवळच्या गोळ्या संपल्या. काल पहाटे एवढा घाम आला की सदरा पिळून काढावा लागला, आणि ताप गेला. एकदम हलकं वाटतंय. प्रकृती मुळात चांगली.

अर्जुना उठून बसला म्हणे. तीन दिवसांत वस्तीवर नवा आजारी नाही. पण कुणी येऊन एक शब्द बोलेल तर शपथ. साहेबांनी चार दिवसांची रजा दिली आहे. साताऱ्याला जाऊन येतो.

मंगळवार, २५ जानेवारी. सातारा

घरी स्वच्छ गादी, स्वच्छ भांडी, आंघोळीला ऊन पाणी. माणसांत आल्यासारखं वाटलं. लीला म्हणाली, "केवढे वाळलात हो!" मी वस्तीच्या गोष्टी सांगितल्या, बटाट्याची सांगितली, ती खूप हसली. आमच्या घरात हसणं तसं कमीच. लग्नाला अकरा वर्षं झाली, मूल नाही, आणि मी बाहेरगावीच जास्त. कधी कधी आम्हाला एकमेकांशी काय बोलावं तेच सुचत नाही.

पहाटे ती नळावर पाण्याला निघाली. पेठेचा नळ चार घरं सोडून, आणि गारठा असा की शेजारचं कुत्रं चुलीत शिरलं होतं. तिच्याकडे शाल आहे ती विरलेली. मी कोट तिच्या खांद्यावर टाकला. "अगोबाई, बायका हसतील," म्हणाली. पण काढला नाही. परत आली तेव्हा नाक लाल आणि हात बाह्यांत लपलेले. "मामंजींनी काय ऊबदार शिवलाय हो!" म्हणाली. रात्री पांघरुणावरही तोच घेतला. मला बरं वाटलं.

आज दुपारी तो उन्हात टाकताना तिनं कॉलरची दुमड उलटून बघितली. "हे काय पांढरं पांढरं?"

"लोकर. घोंगड्यांची."

तिनं ब्रशानं झटकला.

शनिवार, २९ जानेवारी. लवटेवस्ती

पुन्हा या दगडांत. गुंडानं माझ्या मागं दुसरी फेरी सुरू केली आहे. न विचारता. लिखा फुटून निघालेल्या असतील म्हणून दुसऱ्यांदा घ्यायच्या, हे बरोबर आहे, पण विचारायला हवं होतं. बायका पाण्यावरून त्याला काही म्हणत नाहीत. मला बघितलं की घागर पदराआड.

सोमवार, ३१ जानेवारी

पुन्हा हुडहुडी. हिवताप. इथलं पाणीच वाईट.

गुरुवार, ३ फेब्रुवारी

ताप उतरला. अक्षर नीट येत नाही. कालची गोष्ट लिहून ठेवतो, कारण वर तक्रार करणार आहे. मी ओवरीत पडलो होतो, तेव्हा भामाबाई पायरीशी येऊन उभी राहिली. हरिबाला म्हणाली, "त्याला त्योच ताप हाय. अर्जुनाला व्हता त्योच. उलटून आलाय."

"सायेबास्नी कुटनं येनार?" हरिबा म्हणाला. "त्यास्नी न्हाईत उवा."

हसण्याचा आवाज आला. मी डोळे मिटून घेतले. हिला डॉक्टर कुणी केलं? गुंडा पुन्हा कोटाचं बोलला. मी त्याला सांगितलं की पुन्हा हा विषय काढलास तर विट्याला पायी धाडीन.

रविवार, ६ फेब्रुवारी

विट्याच्या कचेरीतून माणूस आला. लीलाला ताप आहे, सिव्हिल हॉस्पिटलात ठेवली आहे. शेजाऱ्यांनी कळवलं. मिळेल ती गाडी पकडून निघतो. साताऱ्यात फ्ल्यूची साथ आहे असं ऐकलं होतं.

मंगळवार, ८ फेब्रुवारी. सातारा

लीला आज सकाळी गेली.

सोमवारी पोचलो तेव्हा तिनं ओळखलं. "बटाटा शिजला का?" असं विचारलं. मला कळेना, मग कळलं. कपाळ तव्यासारखं होतं. डॉक्टर पोरसवदा, मुंबईहून नुकताच आलेला, वागण्याची रीत नाही. म्हणाला, "रक्त बघितलंय. स्क्रूसारखे पिळाचे जंतू आहेत. उलटणारा ताप आहे, तुमच्या तिकडचाच. इंजेक्शन दिलंय, पण पेशंट उशिरा आला. घरी आणखी कुणी आजारी होतं का?"

मी म्हटलं, आमचं घर स्वच्छ आहे.

"तुम्हाला ताप येऊन गेला का?"

"हिवताप."

त्यानं कागदावर काही लिहिलं. हॉस्पिटलात सतराशे साठ लोक येतात. तिथंच काही लागलं असणार. पहाटे तिला घाम सुटला. मला वाटलं उतरला. मी नर्सला हाकही मारली, बघा, उतरला म्हणून. तिचा हात हातात होता. तो गार पडत गेला आणि गारच राहिला.

शनिवार, १२ फेब्रुवारी

लोक येतात, बसतात, चहा पिऊन जातात. मेहुणा म्हणतो, "तुम्ही इतके दिवस तिला एकटी ठेवायला नको होतं." शेजारीण म्हणते, "नळावर कोट घालून यायच्या, किती छान दिसायच्या." सगळ्यांना काही ना काही बोलायचं असतं. कुणी बोलू नये असं वाटतं.

घरात झोप नाही. अंथरुणावर एका बाजूला मी.

मंगळवार, १५ फेब्रुवारी

लिहायला लाज वाटत नाही म्हणून लिहितो. त्या बाईचं तोंड डोळ्यांपुढून हलत नाही. बोट रोखून उभी. तुजं अंतरुनबी आसंच रिकामं हुईल. शब्द न् शब्द तसाच झाला. आजवर मी असल्या गोष्टींना हसलो. पण साताऱ्यात, नळाचं पाणी पिणाऱ्या, रोज आंघोळ करणाऱ्या बाईला धनगरवस्तीचा ताप येतो कसा? याचं उत्तर त्या डॉक्टरनं द्यावं. त्याच्याकडे नाही. माझ्याकडे आहे.

तेरावं झालं की जाणार आहे. तिला समोर उभी करून विचारणार आहे.

बुधवार, २३ फेब्रुवारी. लवटेवस्ती

काल दुपारी पोचलो. आज सगळं लिहून काढतो.

देवळासमोर पिंप चालू होतं. झाकणाच्या कडेनं वाफ फुसफुसत होती. गुंडा जाळ घालत होता आणि भामाबाई काहिलीत पाणी ओतत होती. तिच्या हातात तिचीच घागर. मला ते बघूनही काही वाटलं नाही. मी गाडीतून उडी टाकली आणि सरळ तिच्यासमोर गेलो.

"माझी बायको मेली," मी ओरडलो. "तू शाप दिलास! झालं ना तुझ्या मनासारखं?"

सगळी वस्ती गोळा झाली. भामाबाईनं घागर खाली ठेवली. मला वाटलं आता शिव्या देईल.

"कवा गेली?"

"तुला काय करायचंय कवा? तू मारलीस तिला!"

"म्या?" तिचा आवाज चढला. "म्या तुला दिल्ता शाप. तुला! त्या पोरीनं माजं काय केलं व्हतं रं? तिला कशाला दिऊ? आन् शापानं मानूस मरत आसता, तर तू इथं हुबा ऱ्हायला आसतास व्हय?"

मी तिच्या अंगावर धावलो. गुंडानं मागून कमरेला मिठी मारली. हरिबा मधे आला.

"ताप आल्ता का तिला?" भामाबाईनं विचारलं. "ह्योच?"

मी गुंडाची मिठी सोडवायला धडपडलो.

"घरी गेल्तास तवा ह्योच कोट व्हता अंगात?"

"कोटाचं नाव काढू नको!"

"तूच बोंबलत व्हतास न्हवं पारावर? शिवनीत ऱ्हाती, दुमडीत ऱ्हाती, ऊब आसंल तितं ऱ्हाती. समदी वस्ती उकडलीस. एक कोट सोडून." ती हरिबाकडे वळली. "काडा त्यो."

त्यांनी काढला. मी लाथा झाडल्या, चावलो, हरिबाच्या दंडाला दातांचे व्रण आहेत. दोन बाह्या दोघांनी ओढल्या, जशी मी आणि गुंडानं त्या पोराच्या अंगाखालून घोंगडी ओढली होती. मग सदरा, मग बंडी. बायकांनी तोंडं फिरवली. भामाबाईनं कोट पिंपात टाकायच्या आधी कॉलरची दुमड उलटली आणि माझ्या डोळ्यांपुढे धरली. हरिबानं पहिल्या दिवशी घोंगडी धरली होती तशी. पण ती हसली नाही.

मी पाहिलं. वडलांच्या टाक्यांच्या ओळीत, अगदी ओळीनं, लिखा. आणि त्यांच्यामधून चालणाऱ्या उवा. एवढे दिवस माझ्या मानेशी.

मी खाली बसलो. "तिला थंडी वाजत होती," मी म्हणालो. "नळावर जायची होती. मी म्हटलं, हा घे."

गुंडानं कमरेची मिठी सोडली. भामाबाई कोट हातात घेऊन तशीच उभी होती. मग तिनं झाकण उचललं, तोंड वाफेपासून बाजूला धरलं, कोट आत सोडला आणि वर धोंडा ठेवला.

तासाभरानं जाळ विझवला. कपडे काढून खडकावर पसरले. माझं लक्ष नव्हतं. मी लंगोटीवर, अंगावर गुंडाचा पंचा घेऊन पायरीवर बसलो होतो. काहिलीत दोन घागरी पाणी उरलं होतं, वर वाफा. गुंडा ते मातीत ओतायला निघाला.

"सांडू नगंस रं," भामाबाई म्हणाली. "आजून कडक हाय. त्याला आंगूळ घाल. डोसकंबी भादर त्याचं."

गुंडानं माझं डोकं भादरलं, अंग राखेनं घासलं. मग वस्तीचं ते पाणी, वाटीवाटीनं उपसलेलं, तांब्यानं माझ्या खांद्यावर ओतू लागला. विस्तव विझून किती वेळ झाला होता, तरी ते अंगाला सोसवेना इतकं ऊन होतं. मी दात आवळून बसलो. भामाबाई जाता जाता थांबली.

"रडायचं आसलं तर आत्ताच रड," ती म्हणाली. "पानी हाय तवर. मागनं आमच्या पोरांम्होरं नगं."

आणि काठी उचलून मेंढरांकडे गेली. मागं वळून बघितलं नाही.

गुंडा तांब्या ओतत राहिला. मी रडलो. पाणी संपेपर्यंत रडलो, आणि शेवटच्या तांब्यापर्यंत ते ऊनच होतं.